अश्वशक्ती एक, अर्थ दोन

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, असे आपण वर्गात शिकवतो. पण अमेरिकेतील बॉयलरच्या माहितीपत्रकात ‘एक अश्वशक्ती’ म्हणजे सुमारे ९,८१० वॅट असतात. नाव एकच आणि आकड्यांत तेरा पटींचा फरक! ही छपाईची चूक नव्हे. यामागे उष्णता आणि कार्य यांच्या मोजमापाचा इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिने विकायची होती. गिऱ्हाइकांना घोड्यांच्या कामाची कल्पना होती, म्हणून त्याने इंजिनाची तुलना घोड्याशी केली. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. हे माप इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कामाचे होते.

उष्णतेचे माप मात्र स्वतंत्रपणे वाढले. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवणारी उष्णता म्हणजे एक ब्रिटिश औष्णिक एकक. ही दोन मापे जोडली जेम्स ज्यूलने. वजने खाली सोडून त्याने भांड्यातले पाणी ढवळले आणि तापमानातील वाढ मोजली. १८५० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेला आकडा होता, एका औष्णिक एककास ७७२ फूट-पौंड. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. त्यानुसार एक अश्वशक्ती म्हणजे ताशी २,५४५ औष्णिक एकके.

कागदावर हे रूपांतर दोन्ही बाजूंनी सारखेच होते. यंत्रात तसे होत नाही. कार्य पूर्णपणे उष्णतेत बदलता येते. पण उष्णतेवर चालणारे इंजिन तिचा काही भागच कार्यात बदलू शकते, उरलेली उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. या मर्यादेचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्येच घातला होता.

आता बॉयलरकडे वळू. बॉयलर फक्त वाफ तयार करतो, वजन उचलत नाही. तरी गिऱ्हाईक विचारी, “हा किती अश्वशक्तीचे इंजिन चालवील?” १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बॉयलरांच्या चाचण्या घेणाऱ्या परीक्षकांनी यावर तोडगा काढला. त्या काळच्या चांगल्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ३० पौंड (१३.६ किलोग्रॅम) वाफ लागे. तेवढी वाफ देणारा बॉयलर एक अश्वशक्तीचा! पुढे १८८० च्या दशकात अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने हेच माप नेमके केले: २१२ अंश फॅरनहाइटच्या ३४.५ पौंड पाण्याची तासाभरात त्याच तापमानाची वाफ. अप्रकट उष्मा लक्षात घेता ही उष्णता ताशी ३३,४७५ औष्णिक एकके भरते.

आता २,५४५ ला ३३,४७५ ने भागून पाहा. उत्तर येते ०.०७६. म्हणजे वाफेला दिलेल्या उष्णतेपैकी जेमतेम साडेसात टक्के उष्णतेचे काम होई. दोन एककांच्या या गुणोत्तरात १८७६ च्या इंजिनाची कार्यक्षमता जणू गोठून राहिली आहे! इंजिने सुधारली, एकक तेच राहिले.

विजेच्या युगात हा घोटाळा टाळण्यासाठी औष्णिक मेगावॅट आणि विद्युत मेगावॅट असे दोन आकडे वेगळे लिहितात. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट, ती विद्युत. प्रत्येक भट्टीत निर्माण होणारी उष्णता मात्र सुमारे १,७३० मेगावॅट. फरकाचे सुमारे १,१९० मेगावॅट बहुतांशी कंडेन्सरमार्गे समुद्राच्या पाण्यात जातात.

हा भेद वर्गात एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एक किलोवॅटचा विजेचा हीटर तासाला ८६० किलोकॅलरी उष्णता देतो. विद्यार्थ्यांना उलटा प्रश्न विचारावा: तारापूरला एक किलोवॅट वीज मिळवायला तासाला किती किलोकॅलरी लागतील? पुष्कळ जण ८६० म्हणतील. बरोबर उत्तर सुमारे २,७५० आहे. ८६० हा आकडा निसर्गनियमातून येतो. २,७५० हा यंत्रातून. म्हणून मेगावॅटचा आकडा दिसला की ‘उष्णतेचे की विजेचे?’ हे आधी विचारावे आणि मगच गुणाकार करावा.