याखिमोव : डॉलरचे आजोळ, रेडियमचे माहेर

अमेरिकेच्या डॉलरचे घराणे शोधत गेले, तर वाट चेक प्रजासत्ताकातील एका खाणगावात येऊन थांबते. जर्मनीच्या सीमेलगत क्रुश्ने होरी पर्वतराजीतील अरुंद दरीत याखिमोव वसले आहे. गाव म्हणजे जवळजवळ एकच चढता रस्ता. त्यामुळे त्याचा इतिहास पायीच पाहावा.

दरीच्या तळाशी १९१२ मध्ये बांधलेले 'रेडियम पॅलेस' हे आलिशान हॉटेल आहे. खाणीतील किरणोत्सारी पाण्याने सांधेदुखीवर उपचार करण्याची प्रथा येथे १९०६ पासून सुरू झाली. वर चढत गेल्यावर मात्र सोळावे शतक लागते. जुनी शाही टाकसाळ आता संग्रहालय झाली आहे. चांदी सापडल्यावर १५१६ मध्ये काउंट श्लिक यांनी हे गाव वसवले आणि दोन दशकांत वस्ती सुमारे अठरा हजारांवर गेली. आज ती तीन हजारही नाही! येथील चांदीच्या नाण्याला गावाच्या जर्मन नावावरून 'योआखिम्सटालर' म्हणत. त्याचे 'टालर' झाले आणि पुढे 'डॉलर'.

खनिजशास्त्राचा आद्य ग्रंथकार अॅग्रिकोला १५२७ पासून काही वर्षे येथे वैद्य होता. खाणीतील धूळ फुप्फुसे पोखरते, हे त्याने तेव्हाच नोंदविले. खरा वैरी तर डोळ्यांना दिसणाराही नव्हता. चांदीसोबत निघणारे काळे, जड पिचब्लेंड कामगार निरुपयोगी समजून टाकून देत. पुढे त्यातील युरेनियम काचेच्या रंगासाठी काढले जाऊ लागले. उरलेल्या गाळातूनच क्युरी दाम्पत्याला १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला. त्याच खनिजाचा रेडॉन वायू पिढ्यान्‌पिढ्या कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग देत होता, हे विसाव्या शतकात उमगले.

ते उमगल्यानंतरही माणसे खाली उतरविण्यात आली, ही या गावाची सर्वांत काळी बाजू. सोव्हिएत संघाला युरेनियम पुरविण्यासाठी १९४९ पासून राजकीय कैद्यांना येथे जुंपण्यात आले. सेंट योआखिम चर्चजवळून निघणारी पायवाट त्या छावण्यांच्या जागांवरून जाते. स्वोर्नोस्त खाणीपासून छावणीपर्यंत काटेरी तारांत बंदिस्त जिना होता. त्याला माउटहाउजेन या नाझी छावणीचे नाव पडले, यातच सारे आले.

हा खाणप्रदेश २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला. स्वोर्नोस्तमधून धातू निघणे केव्हाच थांबले आहे; सुमारे पाचशे मीटर खोलीवरून उपसलेले पाणी तेवढे खालच्या उपचारगृहांकडे जाते.