चिलखत नेमके कोणाचे?

नर्मदेकाठच्या लम्हेटा घाटावरून नाव मिळालेले ‘लॅमेटा थर’ दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दडलेले आहेत. जबलपूरप्रमाणेच आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथेही ते उघडे पडलेले दिसतात. डायनोसॉरांच्या युगाच्या अगदी अखेरीस, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, हा गाळ साचला.

१९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत खोदकाम केले. तेथे एकाच थरात अनेक प्राण्यांची हाडे विखुरलेली होती. त्यांत कंबरेची हाडे, नडगीचे हाड आणि हाडांच्या जाड चकत्या होत्या. अशा चकत्या कातडीत तयार होतात; मगरीच्या पाठीवर त्या आजही असतात. डायनोसॉरांमध्ये असे चिलखत म्हटले की अँकिलोसॉरसारखे मंदगती, चारपायी शाकाहारी प्राणीच डोळ्यांपुढे येत. मॅटली यांनी हे अवशेष एकाच प्राण्याचे मानले आणि १९२० च्या दशकात ‘लॅमेटासॉरस इंडिकस’ हा भारतीय चिलखतधारी डायनोसॉर जाहीर केला.

१९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: लॅमेटासॉरस खरोखर चिलखतधारी होता काय? भारतात असे प्राणी असणे त्यांना अशक्य वाटत होते, असे नाही. आदल्याच वर्षी जबलपूरच्या एका दंडाच्या हाडावरून त्यांनी स्वतः ‘ब्रॅकिपोडोसॉरस’ हा चिलखतधारी डायनोसॉर वर्णिला होता. त्यांचा आक्षेप पुराव्यावर होता. हाडे एका थरात सापडली, म्हणून ती एकाच शरीरातली कशी ठरतात?

पुढे ही शंका रास्त ठरली. आज कंबर व नडगीची हाडे दोन पायांवर चालणाऱ्या एका मांसाहारी डायनोसॉरची, अॅबेलिसॉर कुळातली, मानली जातात. मग चकत्या कोणाच्या? १९८० मध्ये अर्जेंटिनातील ‘सॉल्टासॉरस’चे वर्णन प्रसिद्ध झाले आणि लांब मानेच्या अजस्र शाकाहारी टायटॅनोसॉरांनाही चिलखत असे, हे स्पष्ट झाले. लॅमेटासॉरसच्या चकत्याही अशाच प्राण्याच्या असाव्यात, असे आता मानतात. दंडाच्या एकाच हाडावर उभा असलेला ब्रॅकिपोडोसॉरसही आज संशयास्पद गणला जातो.

पाठ्यपुस्तकातील डायनोसॉरचे चित्र पाहताना विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: यातली प्रत्यक्ष सापडलेली हाडे किती, आणि ती एकमेकांना जोडलेली होती काय? चक्रवर्तींचा प्रश्न नेमका हाच होता.