"एखादा प्रसंग सांगा" हा प्रश्न आला कुठून?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. घरात कुणी नोकरीच्या मुलाखतीला निघालं असेल तर त्यालाही दाखवा.

मागच्या आठवड्यात आपल्या अभ्यासिकेतला एक पोरगा एका खासगी बँकेची मुलाखत देऊन आला. तोंड उतरलेलं. पॅनेलनं विचारलं होतं, "दोन गटांत वाद झाला आणि तुम्ही तो मिटवलात, असा एखादा प्रसंग सांगा." यानं क्लासमध्ये पाठ करून घेतलेला प्रसंग सांगितला. कॉलेजचं गॅदरिंग, दोन गट, यानं सगळ्यांना समजावलं, कार्यक्रम यशस्वी. पॅनेलवरच्या बाईंनी पुढं विचारलं, "भांडण कशावरून होतं? आधी कुणाशी बोललात? नेमकं काय बोललात?" पोरगं गप्प. गॅदरिंगला हा कधी थांबलाच नव्हता. शेवटची एसटी चुकली असती तर घरी जायची सोय नव्हती.

मी म्हटलं, अरे, खरं काहीतरी सांगायचंस की. तर म्हणाला, "सर, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही."

मला त्याचं घर माहीत आहे. म्हणून हे वाक्य डोक्यातून जाईना. या प्रश्नाचा इतिहास थोडाफार वाचलेला आहे, तो इथं मांडतो.

आपल्याकडं सरकारी निवडीची गोष्ट कंपनी सरकारच्या काळापासून सांगावी लागते. आधी ओळखीवर, शिफारशीवर नेमणुका व्हायच्या. 1855 पासून सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा आली. नाव खुली, पण परीक्षा लंडनला. 1922 पर्यंत ती भारतात होतच नव्हती. जहाजाचं भाडं, तिथला खर्च, इंग्रजी शाळेचा अभ्यासक्रम, एवढं जमवणाराच त्या उंबऱ्यापर्यंत पोचणार. 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्यातून निवडले गेलेले पहिले भारतीय. मुंबई इलाख्यात नोकरी करून साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून ते 1897 मध्ये निवृत्त झाले, हे साताऱ्यातल्याही फार लोकांना ठाऊक नसतं.

लेखी झाली तरी सुटका नव्हती. अरविंद घोष 1890 मध्ये लेखी परीक्षा पास झाले आणि 1892 मध्ये बाद ठरले, कारण घोडेस्वारीची चाचणी दिली नाही. (ती नोकरी आपल्याला नकोच होती, असं त्यांनीच पुढं सांगितलं, ते वेगळं. सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्याला आणलं आणि मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मधून ते काँग्रेसवर टीका करू लागले.) घोड्यावर बसता येणं हे साहेब असण्याचं लक्षण. परीक्षा कामाची थोडी आणि माणूस 'आपल्यातला' आहे का याची जास्त.

आता दुसऱ्या महायुद्धात या. 1941 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलात वैमानिक होऊ पाहणारी पोरं प्रशिक्षणातून मोठ्या संख्येनं बाद होत होती. का बाद केली, हे जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाच्या गटानं तपासलं. हजार जणांच्या कागदांवर शेरे काय? 'उपजत कौशल्य नाही', 'स्वभाव योग्य नाही', 'निर्णयशक्ती कमी'. बघा, ही भाषा ओळखीची वाटते की नाही? आपल्याकडच्या गोपनीय अहवालांत अगदी हेच असतं. अशा शेऱ्यावरून पुढच्या पोराला काय शिकवायचं, कुणाला घ्यायचं, काहीच कळत नाही.

मग फ्लॅनागनच्या लोकांनी प्रश्नच बदलला. लढाईवरून आलेल्या सैनिकांना त्यांनी 'चांगला अधिकारी कसा असतो' असं विचारलं नाही. 'तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग सांगा, त्यात त्या अधिकाऱ्यानं काय केलं?' एवढंच विचारलं. असे हजारो प्रसंग गोळा केले आणि त्यावरून कोणतं वागणं कामाला येतं ते काढलं. 1954 मध्ये त्यानं ही पद्धत सविस्तर लिहून छापली. त्या बँकेतल्या बाईंचा 'नेमकं काय बोललात' हा प्रश्न याच घराण्यातला.

त्याच युद्धात ब्रिटिशांनाही तोच धडा मिळाला. दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारून, शाळा आणि घराणं बघून अधिकारी निवडायचे, आणि तेच पुढं प्रशिक्षणात गळायचे. 1942 मध्ये त्यांनी निवड मंडळं काढली. उमेदवारांना काही दिवस ठेवून घ्यायचं, गटाला काम द्यायचं, नेता नेमायचा नाही, आणि कोण काय करतो ते बघायचं. 1943 मध्ये ही पद्धत देहरादूनला आली. आपली पोरं ज्याची तयारी नाशिकला जाऊन करतात, ते एसएसबी हेच. तिथल्या गटाच्या मैदानी कामात बोलबच्चन पोरगा मागं पडतो आणि फळी-दोर नीट बांधणारा पुढं जातो, हे मी दोनदा ऐकलंय.

'कॉम्पिटन्सी' हा शब्द नोकरभरतीत रुजवला तो हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलँडनं. या माणसाचा आपल्या देशाशी संबंध आहे. 1960 च्या दशकात त्यानं आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यापाऱ्यांसाठी प्रशिक्षण चालवलं होतं. 1970 नंतर अमेरिकी सरकारचं एक काम त्याच्याकडं आलं. परदेशात ग्रंथालयं, सांस्कृतिक कार्यक्रम चालवणारे तरुण अधिकारी निवडायचे होते. आधीच्या परीक्षेत इतिहास, इंग्रजी, पाश्चात्त्य संस्कृती असलं सगळं. त्यात मार्क मिळवणारे बहुतेक गोऱ्या, सुखवस्तू घरातले, आणि त्या मार्कांचा प्रत्यक्ष कामातल्या यशाशी मेळ बसत नव्हता.

मॅक्लेलँडनं उत्तम समजले जाणारे अधिकारी आणि साधारण अधिकारी वेगळे काढले. प्रत्येकाला कामातले तीन जमलेले आणि तीन फसलेले प्रसंग तपशिलानं सांगायला लावले. दोन्हींत फरक निघाला तो असा: परक्या माणसाचं बोलण्यामागचं मन ओळखणं, विरोधकाबद्दलही चांगली अपेक्षा ठेवणं, नव्या गावात कुणाचं कुणावर वजन आहे हे लवकर हेरणं. यातलं काहीही महागड्या शाळेत शिकवत नाहीत. 1973 मध्ये त्याचा बुद्धिमत्तेऐवजी कार्यक्षमता तपासा असं सांगणारा लेख आला, आणि तिथून ही गाडी कंपन्यांच्या भरतीपर्यंत पोचली.

आपल्याकडचं एक उदाहरण याच्याशेजारी ठेवतो. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं प्रवेशाचं प्रकरण, अजय हसिया खटला, सुप्रीम कोर्टाचा निकाल 1980 चा. लेखीला 100 मार्क, तोंडीला 50. पोरांची तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठं. कोर्टानं सांगितलं की तोंडीला 15 टक्क्यांवर वजन नको, आणि मुलाखती टेप करून ठेवल्या तर बरं. पुढं 2016 पासून केंद्रानं खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. माझ्या मते योग्यच केलं. 'वडील कोण' हा प्रश्न थांबवायचा दुसरा खात्रीचा रस्ता तेव्हा दिसत नव्हता.

'एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न मात्र 'वडील कोण' याच्या जागी आलेला आहे. तो घराणं विचारत नाही, केलेलं काम विचारतो. आणि आपले क्लासवाले काय करतात? फी घेऊन सगळ्यांना एकच गॅदरिंग पाठ करून देतात. स्टार नावाचा साचा आहे ना, परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, तो चुकीचा नाही, पण त्यात भरायला पोराचं स्वतःचं काही घेतलंच जात नाही. ज्या पोरानं खरंच गॅदरिंग केलंय तो पुढच्या तीन प्रश्नांत टिकतो. खेड्यातला पोरगा उसनी गोष्ट घेऊन जातो आणि पकडला जातो.

पद्धत निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. बोलका माणूस इथंही फायदा घेतो, आणि इंग्रजीची भीती असेल तर खरा प्रसंगही घशात अडकतो.

त्या पोराकडं परत येतो. त्यांची विहीर सामाईक. तीन चुलते, मोटर एक, लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाळीवरून प्रकरण हातघाईवर आलं होतं. मी त्याला त्यावर बोलतं केलं.

म्हणाला, "आम्ही पाळ्या लावल्या."

म्हटलं, आम्ही म्हणजे कोण? मोठ्यांदेखत 'मी केलं' म्हणायचं नाही हे आपल्या घरांतलं वळण, पण पॅनेलला त्यातून तू दिसत नाहीस.

थोडा वेळ गेला. मग हळूहळू आलं. आधी तो धाकट्या चुलतीशी बोलला, कारण तिची भाजी जळत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. आठ दिवस मोटर कधी चालू-बंद झाली ते वहीत लिहिलं. वहीवरून दिसलं की सगळ्यात जास्त पाणी त्याच्याच वडिलांनी घेतलं होतं. ते त्यानं वडिलांना एकटं गाठून दाखवलं, चारचौघांत नाही. मग तासांची वाटणी केली, लाईट गेली तर ते तास दुसऱ्या दिवशी भरून द्यायचे असं ठरवलं. पहिल्या महिन्यात दोनदा मोडलं, तेही सांगितलं. वही अजून मोटरच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली आहे.

"पण सर, हे घरचं आहे. हे बँकेत कसं सांगायचं?"

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता अभ्यासिकेत त्याची पुन्हा मॉक मुलाखत आहे. आणखी कुणाला बसायचं असेल त्यांनी या. लिहिलेली उत्तरं आणू नका. त्याला मी ती वही आणायला सांगितली आहे.