स्वतःचेच रक्त परत : स्वस्त उपाय महाग कसा झाला?

गर्भनलिकेत राहिलेला गर्भ वाढून नलिका फुटली, की बाईच्या पोटात काही तासांत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. सर्जन पोट उघडतो तेव्हा ते समोरच असते. बहुतेक वेळा ते सक्शनच्या बाटलीत जाते आणि नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. तेच रक्त गाळून तिला परत का देऊ नये?

हा प्रश्न रक्तपेढ्यांहून जुना आहे. 1886 मध्ये एडिंबरोच्या जॉन डंकन यांनी, पाय कापताना गळालेले रक्त त्याच रुग्णाला परत दिल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा रक्तगटच माहीत नव्हते. त्यामुळे दुसऱ्याचे रक्त देणे हा जुगार होता, स्वतःचे मात्र हमखास जुळत होते. 1914 मध्ये जर्मनीतील योहानेस थीस यांनी नलिका फुटलेल्या तीन स्त्रियांना पोटातले रक्त परत दिले. पुढे गोठण रोखणारे सायट्रेट आले. मग पळी, निर्जंतुक गॉझच्या घड्या आणि सायट्रेटची पिशवी एवढ्यावर काम भागू लागले.

1937 मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी रक्तपेढी सुरू केली. दुसऱ्याचे रक्त आयते मिळू लागले आणि ही पद्धत मागे पडली. 1970 नंतर ती परतली ती यंत्राच्या रूपात. 'सेल सेव्हर' रक्त ओढतो, गरागरा फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करतो, सलाइनने धुतो आणि परत देतो. एड्सच्या भीतीने त्याची मागणी वाढली. पण नळ्या आणि वाटीचा संच प्रत्येक रुग्णाला नवा लागतो, आणि तो रक्ताच्या एका पिशवीच्या कित्येक पट महाग असतो. म्हणून हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये तो परवडतो. थोडा रक्तस्राव असेल तर नाही.

मात्र हा हिशेब रक्तपेढीशेजारच्या हॉस्पिटलचा झाला. 2022 च्या दरांनुसार एक पिशवी सरकारी पेढीत 1100 आणि खासगीत 1550 रुपयांना. यवतमाळ शहरात तो दर खरा. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या बाईसाठी त्यात गाडीभाडे, रक्तदाता शोधणे आणि वाटेतले तास धरावे लागतात. यातले तास कुठल्याच बिलात येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. ते योग्यच होते. पण परवान्याच्या कडक नियमांमुळे, नातेवाइकाचे रक्त तपासून तिथेच चढवण्याची ग्रामीण सर्जनांची वाटही बंद झाली. 2001 अखेर ग्रामीण रुग्णालयांतल्या रक्तसाठवण केंद्रांना परवान्यातून सूट मिळाली. तरी साठा पेढीतूनच आणावा लागतो. अशा ठिकाणी गॉझने गाळलेले स्वतःचे रक्त हाच सर्वांत जवळचा साठा ठरतो.

त्यालाही मर्यादा आहेत. रक्त ताजे हवे; त्यात पू किंवा आतड्यातली घाण मिसळलेली नको. आपल्या विदर्भात सिकलसेल आधी तपासायलाच हवा, कारण त्या पेशी या प्रक्रियेत विळ्यासारख्या वाकून फुटू शकतात.

पाळी चुकलेली, पोटात अचानक कळ आणि चक्कर, अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नका. थेट ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. रक्त परत देता येते, गेलेला वेळ नाही.