ईश्वरी कृपा, मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील

ईश्वरी कृपा, मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील : पापी मानवाच्या पुण्याईकडे न पाहता त्याचे तारण करणारे परमेश्वराचे प्रेम म्हणजे ईश्वरी कृपा. बायबलच्या जुन्या करारातील ‘हेसेद’ या हिब्रू शब्दात परमेश्वराची करारनिष्ठ, अढळ दया अभिप्रेत आहे. नव्या करारात ‘आगापे’ (प्रीती) व ‘खारिस’ (कृपा) हे ग्रीक शब्द येतात. निनवे नगराला क्षमा मिळाल्याने रुष्ट झालेला योना आणि लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ यांच्या कथांतून एकच प्रश्न उभा राहतो : अपात्राला मिळालेली क्षमा न्याय्य कशी? संत पौलाच्या मते तारण हे कर्माचे वेतन नसून श्रद्धेने स्वीकारावयाची देणगी होय.

कर्मफल, मोक्ष व भक्ती या कल्पना मराठी भाषेत पूर्वीच रुजलेल्या असल्याने हा आशय मराठीत आणताना शब्दयोजनेचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणात (१६१६) ओवी व पुराण हे परिचित साहित्यप्रकार स्वीकारले आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने श्रीरामपूर (बंगाल) येथे मराठी नवा करार प्रसिद्ध झाला (१८११). १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व पुढे अहमदनगर, सोलापूर या भागांत पसरलेल्या अमेरिकन मराठी मिशननेही बायबलच्या भाषांतराचे कार्य केले.

यापुढील काळात दोन भिन्न भूमिका दिसतात. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील दुष्काळात मृत्यू पावले होते. दुष्काळपीडित स्त्रियांना त्यांनी पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्तिसदनात आश्रय दिला. अशा अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले. स्वतः संस्कृत पंडिता असूनही हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळून त्यांनी साधी मराठी पसंत केली. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छपाईचे काम केलेले हे बायबल त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले (१९२४). याउलट, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी संतांची भक्तिपरंपरा हीच कृपेच्या अनुभवाची वाट मानून अभंग व कीर्तन यांचा अवलंब केला. त्यांचे अपूर्ण ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

रमाबाईंच्या मार्गाने आशयाची काटेकोर स्पष्टता साधली, तरी पूर्वपरिचित शब्दांची आर्तता गमावण्याचा धोका होता. टिळकांच्या मार्गाने ती आर्तता लाभली, पण जुने अर्थही सोबत आले. मराठी ख्रिस्ती उपासनेत मात्र बायबलचे गद्य आणि टिळकांची पदे एकत्र नांदली, हे उल्लेखनीय होय.