गोवा पावडरची कुळकथा

एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याकडे ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळसर तपकिरी पूड प्रसिद्ध होती. जिते-पेणपासून थेट गोव्यापर्यंतच्या दमट पट्टीत गजकर्ण-नायट्याचा उपद्रव मोठा. त्यावर ही पूड लिंबाच्या रसात कालवून लावीत. नाव गोव्याचे, जन्म मात्र ब्राझीलचा. तेथील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते. पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती पूर्वेकडे आली. बाहियाचे डॉ. दा सिल्वा लिमा यांनी १८७५ च्या सुमारास हे मूळ उघड केले.

पुढची हकीकत लंडनची. १८७६ मध्ये डॉ. बाल्मॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने स्वतःला गजकर्ण झाले असे समजून ही पूड लावली होती. चट्टे मावळले, पण रोग निघाला सोरायसिस! निदान चुकले, औषध लागू पडले. १८७८ साली स्क्वायर यांनी या उपचारावर पुस्तिका प्रसिद्ध केली.

दोहोंतला फरक साधा नाही. गजकर्ण बुरशीचे, ते स्पर्शाने पसरते. सोरायसिस कोणालाही लागत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच बिथरते आणि जी त्वचा महिनाभराने नवी व्हायची ती काही दिवसांतच होते. कोपर, गुडघे, डोके यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. काहींची नखे बिघडतात, काहींचे सांधे धरतात. स्त्री-पुरुष दोघांनाही तो होतो, कित्येकदा घराण्यात चालत येतो. तरीही शतकानुशतके असे रुग्ण कुष्ठरोग्यांत गणले गेले. लेवीय ग्रंथातील याजकाने ज्यांना वस्तीबाहेर काढले त्यांतही असे काही असावेत, असे आम्हांस वाटते. व्हिएन्नाच्या हेब्रांनी १८४१ साली हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले.

पहिल्या महायुद्धात अरारोबा मिळेनासा झाला, तेव्हा जर्मनीत १९१६ साली त्याच्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध वापरात आले. दोन्हींचा दोष एकच: त्वचा झोंबते, कपड्यांवरचे डाग जात नाहीत.

रोगाची तीव्रता मोजण्याचे ० ते ७२ गुणांचे कोष्टक १९७८ मध्ये तयार झाले. लाली, जाडी, पापुद्रे, व्याप. सबंध तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, असा व्यापाचा ढोबळ हिशेब. परंतु टक्का लहान असला तरी तोच तळहात उकलला तर बिचाऱ्याने भाकरी थापावी कशी? १९९४ साली कार्डिफच्या डॉक्टरांनी रुग्णालाच विचारावयाचे दहा प्रश्न योजले. त्वचेमुळे कपड्यांची निवड बदलावी लागली काय, असा त्यांत एक आहे. आणि दहावा प्रश्न औषधाच्याच त्रासाचा, त्याने घरात होणाऱ्या पसाऱ्याचा.