आउगुस्टेबाईंची तोंडी परीक्षा

माझ्या सासूबाई शेवटच्या काही वर्षांत मलाच विचारायच्या, "तुम्ही कोणाच्या हो?" मी शाळेतून दमून आलेली असे. एकदा चिडून म्हणाले, "मुद्दाम करता का?" घरात सगळे म्हणत, म्हातारचळ लागलाय. साठी बुद्धी नाठी, की विषय संपला. माझे ते बोलणे मला आजही खुपते. आता सत्तरी ओलांडल्यावर चष्मा सापडेना की पोटात गोळा येतो. म्हणून या आजाराचा इतिहास वाचायला घेतला.

२६ नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर यांच्यासमोर डॉ. आलोइस अल्झायमर बसले होते. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचे नाव? बहुतेक आउगुस्टे! ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस. काय खाताय विचारले, तर म्हणाल्या पालक. डॉक्टरांनी हे सगळे जसेच्या तसे उतरवून घेतले. मी जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्या आणि चुकलेल्या उत्तरांचे गुण कापले. या माणसाने चुकलेली उत्तरेच जपून ठेवली! ती फाइल पुढे हरवली आणि १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्येच सापडली.

एप्रिल १९०६ मध्ये बाई वारल्या. डॉक्टर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षाराने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर कसलेसे साठे दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

पण एक अडचण राहिलीच. खात्री करायची तर मेंदूचे काप हवेत, म्हणजे रोगी आधी गेला पाहिजे! १९७१ मध्ये हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या सीटी यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला फोटो काढला. त्यात आक्रसलेला मेंदू दिसे, ते साठे मात्र दिसत नसत. मग अमेरिकेत पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी मोठी युक्ती केली. काप रंगवायला वापरत त्यातल्याच एका रंगद्रव्यात त्यांनी असा बदल केला, की ते रक्तातून मेंदूत शिरेल. त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला आणि पेट यंत्राने टिपला. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून रुग्णालयाजवळच तयार करून लगोलग टोचावा लागतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्या रुग्णावर तो वापरला गेला. जे मेल्यावर दिसत होते ते जिवंतपणी दिसले, आउगुस्टेबाईंनंतर तब्बल शंभर वर्षांनी.

२०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते साठे कमी करते आणि सुरुवातीच्या रुग्णांत उतार थोडा मंदावतो, पण गेलेली आठवण परत येत नाही. मे २०२५ मध्ये निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीलाही तिथे मान्यता मिळाली.

असो. सासूबाईंना नेमके काय झाले होते, ते आता कळायचे नाही. पण हे वाचणाऱ्या माझ्या मुलांना, भाचरांना एवढेच सांगते: मी कधी तुमची नावे चुकले, तर "मुद्दाम करते" म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. आणि मी पुन्हा विचारले, तर पुन्हा नाव सांगा.